नीती सापेक्ष की सार्वत्रिक? दोन तासांच्या चर्चेची मांडणी कशी करावी

मासुंदाकाठ

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या वाचनकट्ट्यात पुढच्या रविवारी हा विषय आहे. पंचवीसेक माणसं, वयं सोळापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत, वेळ दोन तास, साहित्य म्हणजे एक पांढरा फळा आणि चहा. या विषयाचं एक ठरलेलं मरण असतं. दहाव्या मिनिटाला कुणीतरी "शेवटी ज्याची त्याची नीती" म्हणतं, उरलेले माना डोलावतात आणि गाडी पाककृतींवर घसरते. ते टाळायचं आहे.

सुरुवात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या तिसऱ्या ग्रंथातल्या गोष्टीने करावी असं डोक्यात आहे. इराणचा सम्राट दरायस ग्रीकांना विचारतो, वडिलांचं प्रेत खायला किती पैसे घ्याल? ते म्हणतात, कितीही दिलेत तरी नाही. मग तो कल्लाती नावाच्या भारतीय लोकांना विचारतो, त्यांच्यात प्रेत खाण्याची रीत. तुम्ही ते जाळायला किती घ्याल? ते ओरडतातच, असलं अभद्र बोलू नका म्हणून. हेरोडोटसचा निष्कर्ष, रूढी हीच सर्वांची राजा.

प्रश्न दोन. या गोष्टीने सुरुवात केली तर चर्चा एकाच बाजूला कलंडेल का? आणि पुढचे पावणेदोन तास कसे वाटावेत?

तर्कटराव

गोष्ट उत्तम, पण ती सांगून लगेच थांबू नका. हेरोडोटसने जे सांगितलं नाही ते विचारा: दोन्ही गटांचं एकमत कशावर आहे? मेलेल्या बापाची विटंबना करायची नाही, यावर दोघंही इतके ठाम आहेत की पैशालाही विकले जात नाहीत. मतभेद आहे तो मान कसा द्यायचा यावर. म्हणजे ही गोष्ट सापेक्षतेचा पुरावा म्हणून अडीच हजार वर्षं सांगितली जातेय, आणि तिच्या पोटात उलटा पुरावा बसलाय.

त्याआधी मात्र फळ्यावर तीन वाक्यं लिहा आणि दोन तास पुसू नका.

पहिलं: वेगवेगळ्या समाजांच्या नीतिकल्पना वेगवेगळ्या असतात.
दुसरं: एखादं कृत्य योग्य की अयोग्य, हे कोणत्या तरी चौकटीच्या संदर्भातच खरं किंवा खोटं असतं, चौकटीबाहेर त्याला अर्थ नाही.
तिसरं: म्हणून दुसऱ्यांच्या रीतीभातींत आपण नाक खुपसू नये.

पहिलं वाक्य समाजाची नोंद आहे, दुसरं सत्याबद्दलचा दावा, तिसरा उपदेश. चर्चा बिघडते ती इथेच. बोलणारा पहिलं बोलतो, ऐकणारा तिसरं ऐकतो. पहिल्यातून दुसरं निघत नाही; पृथ्वी सपाट की गोल यावर मतभेद होते म्हणून तिचा आकार सापेक्ष ठरला नाही. आणि दुसऱ्यातून तिसरं काढणं तर सरळ आत्मघात, कारण "कुणीच कुणाच्या नीतीत नाक खुपसू नये" हा नियम सगळ्या समाजांना लागू म्हणून सांगितला जातो. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७२ मध्ये हे दाखवून दिलं, आणि ती चूक रोज होते.

कुणी बोललं की विचारायचं, कितवं वाक्य? एवढ्यानेच निम्मी भांडणं मिटतात. याला वीस मिनिटं द्या.

खारफुटी

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

ऐरोलीकरीण

तीन वाक्यांनंतर हाताला काम द्या, नाहीतर तेच चार जण बोलत राहतील. एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाची कसोटी चिठ्ठ्यांवर उतरवता येते. त्याचं म्हणणं असं की माणसं 'पद्धत' आणि 'नीती' या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतात. वर्गात गणवेश न घालणं चूक का? नियम आहे म्हणून. बाईंनी परवानगी दिली तर चालेल? चालेल. शेजारच्या मुलाला ढकलणं चूक का? त्याला लागतं म्हणून. बाईंनी परवानगी दिली तर? तरीही नाही. तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा हा फरक बऱ्यापैकी करतात असं दिसून आलंय.

बारा चिठ्ठ्या करा, जोड्या पाडा. प्रत्येक चिठ्ठीला चार प्रश्न: नियम करणाऱ्यांनी सूट दिली तर चालेल का? जिथे असा नियमच नाही तिथे चालेल का? नुकसान कुणाचं होतं? आणि ते होतं हे कशावरून?

चिठ्ठ्या इथल्याच हव्यात. पालिकेच्या पाइपलाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणं. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत मध्ये घुसणं. सुतकात गोडधोड करणं. शेजाऱ्याचं आलेलं पार्सल फोडून पाहणं. लग्नात नवरीने पांढरी साडी नेसणं. रात्री दहानंतर मंडपाचे स्पीकर चालू ठेवणं. आडनाव विचारून भाडेकरूला नाही म्हणणं. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटणं.

शेवटची मुद्दाम घातली आहे. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्याबाहेरच्या माणसाला ती निव्वळ रूढी वाटते, 'पद्धत'च्या ढिगात जाते. तिसरा प्रश्न विचारला की गडबड होते. पावसाळा हा बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ. एकाने आधी जाळं टाकलं तर सगळ्यांच्या वाट्याचं तो आधीच उचलतो. नारळ वाहणं ही पद्धत, थांबणं ही नीती, आणि दोन्ही एकाच दिवसाला बांधलेल्या. सरकारची पावसाळी मासेमारीबंदी तेच काम नारळाशिवाय करते.

एक खबरदारी. हात वर करून मत घेऊ नका. सोसायटीचे सेक्रेटरी बसले असतील तर त्यांच्याकडे बघून हात वर जातात. आधी कागदावर लिहून घ्या, मग बोला.

खाडीकर

ऐरोलीकरीणताई, चाळणी छान आहे, पण ती कुणी विणलीय तेही सांगा. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्रा आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये ३९ प्रसंग घेऊन भुवनेश्वर आणि शिकागोच्या हाइड पार्क भागातल्या लोकांना विचारलं. भुवनेश्वरच्या ब्राह्मण घरांत सर्वांत गंभीर अपराध कोणता ठरला? वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोवाल्यांना यात काही गुन्हा दिसेना. आणि भुवनेश्वरचे लोक हे 'आमची पद्धत' म्हणून सांगत नव्हते. कुठेही, कुणीही केलं तरी पाप, असं सांगत होते. ट्युरिएलच्या कसोटीने ते नीतीतच बसतं.

तेव्हा 'इजा झाली तर नीती, नाहीतर पद्धत' ही विभागणीच एका ठिकाणची आहे. श्वेडरने पुढे नीतीच्या तीन भाषा सांगितल्या: व्यक्तीच्या हक्काची, समूहातल्या कर्तव्याची आणि पावित्र्याची. कट्ट्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांची सुतकाची चिठ्ठी 'पद्धत'मध्ये टाकून तुम्ही त्यांना न विचारता पहिली भाषा लादताय.

ऐरोलीकरीण

म्हणून तर चौथा प्रश्न आहे. ट्युरिएलच्या गटाने त्याच प्रसंगाला उत्तर दिलंय. भुवनेश्वरला मुलाने कोंबडी खाणं अपराध ठरतं, कारण त्याने वडिलांच्या आत्म्याच्या गतीत अडथळा येतो अशी श्रद्धा आहे. म्हणजे तिथेही नुकसान आहेच, वडिलांचं. "बापाला इजा करू नये" हे शिकागोतही चालतं. फरक आहे तो मेल्यानंतर बापाला इजा होऊ शकते का, या माहितीत. त्याच अभ्यासात वचन मोडणं, निरुपद्रवी प्राण्याला लाथ मारणं यावर दोन्ही शहरांचं जमलं होतं, हेही सांगून टाका.

खाडीकर

सगळ्या मतभेदांना 'माहितीतला फरक' म्हणत गेलं तर मूल्यांत मतभेद कधी सापडणारच नाही. तो सापडू नये अशीच सोय केलीय तुम्ही. पण ठीक, चौथा प्रश्न राहू द्या. त्याचं उत्तर आजोबांना देऊ द्या, त्यांच्या वतीने नातवाला नको.

विटकर

परदेशी चाळणीची चर्चा चाललीच आहे तर ठाण्याच्या उंबऱ्यावरची एक वस्तू. नालासोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला.

नववं शासन म्हणजे याच धाग्याचा विषय. अशोक म्हणतो, आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलं करतात. बायका तर फार करतात. करावीत, पण त्यांचं फळ थोडं. खरं फळ धम्ममंगलाचं: दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, प्राण्यांच्या बाबतीत संयम, ब्राह्मणांना आणि श्रमणांना दान. काही प्रतींत हेही आहे की बाकीच्या मंगलांचं फळ संशयाचं आणि इहलोकापुरतं, धम्माला मात्र काळाची मर्यादा नाही. पद्धत आणि नीती वेगळी काढायला शिकागोची वाट पाहिली नव्हती कुणी.

(बायकांवरचा शेरा कट्ट्यावर वाचलात तर पुढची दहा मिनिटं त्याचीच. वाचा किंवा गाळा, पण ठरवून.)

आता त्याच यादीतला पहिला शब्द पुन्हा पाहा. दासांशी नीट वागा. दास ठेवू नका, असं नाही.

पारसिकपार

सापेक्षतावादाची बाजू इथे फारच स्वस्तात हरतेय. 'काहीही चालतं' म्हणजे सापेक्षता, हे तिचं विडंबन आहे.

तत्त्वज्ञ गिल्बर्ट हार्मनने १९७५ मध्ये मांडलेली बाजू समजायला ठाणे स्टेशन पुरेसं आहे. शेजारच्या फलाटावरची लोकल सुटली की आपलीच हलल्यासारखी वाटते. कोण हललं? 'कशाच्या संदर्भात' हे न सांगता उत्तर नाही. पण संदर्भ सांगितला की उत्तर एकच असतं आणि ते चुकूही शकतं. फलाटाच्या संदर्भात तुमची गाडी ताशी वीस किलोमीटरने चाललीय की उभी आहे, यात 'ज्याचं त्याचं मत' नसतं. हार्मनच्या मते नीतीही तशीच: माणसांच्या गटात एक न लिहिलेला करार असतो, आणि 'तू असं करायला नको होतंस' हे वाक्य त्या कराराच्या आत असलेल्यालाच लागू पडतं. म्हणून सापेक्षतावाद्यावर एक जास्तीची जबाबदारी येते. त्याने चौकटीचं नाव घ्यायचं. "ज्याची त्याची नीती" म्हणणाऱ्याला विचारा, ज्याची म्हणजे कुणाची? कुटुंबाची, जातीची, सोसायटीची, भारतीय नागरिकाची? कोपरीतला एकच माणूस एकाच सकाळी या चारही गाड्यांत बसलेला असतो.

तर्कटराव

छान मांडलंत. पण तुमच्या गाडीतून उतरणाऱ्याचं काय? योग्य म्हणजे गटाच्या कराराला धरून, असं असेल तर गटाविरुद्ध उभा राहणारा सुधारक व्याख्येनेच चुकीचा ठरतो. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणं तेव्हाच्या कराराला धरून नव्हतं.

पारसिकपार

सुधारक दोन प्रकारचे असतात. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशरस्मृतीतला 'नष्टे मृते प्रव्रजिते' हा श्लोक काढला. तुमच्याच करारात हे कलम आहे, तुम्ही विसरलात, असं त्यांचं म्हणणं. १८५६ चा कायदा त्यामागून आला. हे सापेक्षतावाद्याला नीट समजावता येतं. जोतीरावांचं वेगळं. ते करारातलं कलम शोधत नाहीत, करारच कुणी कुणावर लादला ते विचारतात. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या पुस्तकाचं नावच 'सार्वजनिक सत्यधर्म'. 'सार्वजनिक' हा शब्द त्यांनी उगाच घातला नसावा. फुल्यांपुढे माझी बाजू अडते, हे मान्य.

आकडेमोड

थोडा पुरावा. ऑक्सफर्डच्या ऑलिव्हर करी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ६० समाजांच्या मानववंशशास्त्रीय नोंदी चाळल्या. सात गोष्टी शोधल्या: नातलगांना मदत, गटाशी निष्ठा, उपकाराची फेड, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान, वाटणीत न्याय, आधीच्या ताब्याचा आदर. अशा ९६२ नोंदींपैकी ९६१ मध्ये ती गोष्ट चांगलीच मानलेली. उरलेली एक पॅसिफिकमधल्या चूक बेटांवरची. तिथे उघडपणे दुसऱ्याची वस्तू उचलणं हे दबदब्याचं लक्षण म्हणून वाखाणलेलं. (बेटाचं नावच 'चूक', आपण तरी काय करणार.)

हा आकडा फेकून चर्चा बंद करू नका. साठही समाजांत सातही गोष्टी नोंदलेल्या आहेत असं नाही. जिथे नोंद आहे तिथे ती बाजूने आहे, एवढंच. दुसरं, सात गोष्टींचा क्रम बदलतो. भावाला कंत्राट देणं नातलगाला मदत की वाटणीत अन्याय, हे त्या यादीत लिहिलेलं नाही. आणि तिसरं, यातले बरेचसे नियम आपल्या माणसांसाठीचे आहेत.

वेळ असेल तर एक खेळ. जोडीतल्या 'अ'ला शंभर रुपयांचं कूपन. त्याने 'ब'ला किती द्यायचं ते लिहायचं. 'ब'ने घेतलं तर दोघांना तसं मिळतं, नाकारलं तर दोघांनाही शून्य. जोसेफ हेन्रिक आणि मंडळींनी हा खेळ १५ छोट्या समाजांत खेळवला, निकाल २००१ मध्ये छापले. अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या स्वार्थी माणसासारखा एकही समाज वागला नाही. पण पेरूच्या माचिगेंगांनी सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास देऊ केलं आणि इंडोनेशियाच्या लामालेरातल्या देवमासा मारणाऱ्यांनी निम्म्याहून जास्त. एकत्र शिकार करणाऱ्यांना वाटपाची सवय असते. म्हणजे न्यायाची भावना सगळीकडे, तिचं माप मात्र रोजीरोटीच्या पद्धतीप्रमाणे.

यात बिघडतं काय? जोडीदार कळला की सगळे पन्नास लिहितात. चिठ्ठ्या बिननावाच्या ठेवा, जोड्या शेवटपर्यंत उघड करू नका.

दोन_नंबर_फलाट

ट्रॉलीचा प्रश्न घ्या ना! भरधाव ट्रॉलीपुढे पाच माणसं रुळावर; खटका ओढला तर ती वळते आणि दुसऱ्या रुळावरचा एकच मरतो. ओढायचा का?

ऐरोलीकरीण

नका घेऊ. तत्त्वज्ञ फिलिपा फूटने १९६७ मध्ये तो वेगळ्याच कामासाठी मांडला होता: मारणं आणि मरू देणं यातला फरक. सापेक्षतेबद्दल त्यातून फार काही निघत नाही. शिवाय लोक ओरडून सांगू, ब्रेक लावू, असे पळवाटांचे शोध लावत बसतात. आणि मध्य रेल्वेवर रोज जाणाऱ्यांसमोर रुळावरच्या माणसांचा खेळ करू नये, हे माझं मत.

विटकर

एका घोळाची पूर्वसूचना. कुणीतरी म्हणणारच, "खरं बोलावं हा नियम सार्वत्रिक नाही, कारण कधी कधी खोटं बोलावं लागतं." इथे 'सार्वत्रिक' आणि 'निरपवाद' यांची सरमिसळ झाली. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत सत्याचं. चोरांनी विचारलं, माणसं कुठे लपली? याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. १७९७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटपुढे जवळपास हाच प्रसंग होता, दारात खुनी उभा. त्याने उलट निकाल दिला: तरीही खोटं नाही. कृष्णाचा निर्णय परिस्थितीप्रमाणे बदलतो म्हणून तो सापेक्षतावादी होत नाही. त्या परिस्थितीत सापडलेल्या कुणालाही तो तेच सांगेल. लोकमान्यांनी गीतारहस्यात 'कर्मजिज्ञासा' नावाचं अख्खं प्रकरण अशा पेचांना दिलंय, दुष्काळात विश्वामित्राने चोरलेल्या कुत्र्याच्या मांसासकट.

मनुस्मृतीत तर दोन्ही सापडतं. पहिल्या अध्यायात युगागणिक धर्म वेगळे, दहाव्यात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हे चारही वर्णांना समान. आणि आठव्यात त्याच शिवीगाळीला वर्णाप्रमाणे वेगवेगळा दंड.

खाडीकर

दास, वर्ण, 'आपली माणसं'. तीन प्रतिसादांत एकच गोष्ट डोकावतेय. नियमांवर फारसा वाद नाहीच. चोरी नको, वचन पाळा, वाटणी नीट करा. वाद आहे तो हे नियम कुणाच्या बाबतीत पाळायचे यावर. मी सापेक्षतेच्या बाजूने आलो होतो, पण आता मला वाटतं चिठ्ठ्यांवर पाचवा प्रश्न हवा: हाच प्रकार 'आपल्यातल्या' माणसाशी केला असता तर चाललं असतं का?

ऐरोलीकरीण

+१. आणि या प्रश्नाला पाठबळ बाबासाहेबांचं आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ते सांगतात की चोरांनाही आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांना असते, जातभाईंना असते; पण ती गटाच्या हितापुरती, म्हणून समाजविरोधी. नुसती नीती असून भागत नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक हवी. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नियम आणि तत्त्व वेगळी केलीत, तेही जोडीला घ्या. नियम ठरलेली कृती सांगतो, तत्त्व निवाडा कसा करायचा ते सांगतं.

सोसायटीसारखं याचं उदाहरण दुसरं मिळणार नाही. मेंटेनन्स वेळेवर, हिशेब चोख, मध्यरात्री कुणाला हॉस्पिटलात न्यायचं तर चार गाड्या तयार. आणि त्याच कमिटीची तोंडी सूचना, अमक्या लोकांना फ्लॅट देऊ नका. आतल्या नीतीत खोट काढायला जागाच नाही.

मासुंदाकाठ

इथे कायदा काय म्हणतो, हा प्रश्न नक्की येणार. थोडक्यात काय सांगावं?

आकडेमोड

सरळ उत्तर नाही, आणि तसंच सांगा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा पोटनियम ग्राह्य धरला; संघटना करण्याच्या स्वातंत्र्यावर भर होता. २०१८ मध्ये कलम ३७७ च्या, म्हणजे समलिंगी संबंधांबद्दलच्या, निकालात त्याच न्यायालयाने बहुसंख्यांच्या नीतीपेक्षा संवैधानिक नीती वरची मानली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तिन्ही एकत्र ठेवले की दिसतं, चौकट कोणती धरायची हा पारसिकपारांचा प्रश्न न्यायालयातही सुटलेला नाही. मात्र कायदेशीर आहे म्हणून योग्य आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला फळ्यावरचं दुसरं वाक्य दाखवा.

मासुंदाकाठ

सर्वांचे आभार. आत्तापर्यंतचं वेळापत्रक: दरायसची गोष्ट आणि 'एकमत कशावर?' दहा मिनिटं. तीन वाक्यं वीस. चिठ्ठ्या पन्नास, पाच प्रश्नांसह. सोपाऱ्याचं शासन दहा, चहाबरोबर. उरलेल्या अर्ध्या तासात 'आपली माणसं' आणि भाडेकरूची चिठ्ठी. शंभर रुपयांचा खेळ पुढच्या महिन्यावर. भाडेकरूची चिठ्ठी आधी काढली तर सगळा वेळ ती खाईल, म्हणून ती पाकिटात वेगळी ठेवतो.

आकडेमोड

बारा चिठ्ठ्या, पाच प्रश्न, प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस मिनिटं, पन्नास नव्हे. पाचच चिठ्ठ्या घ्या: मोटर, रिक्षाची रांग, सुतक, होडी, स्पीकर. पार्सल आणि साडी गाळा, त्यावर कुणाचं दुमत होत नाही.

खारफुटी

साडीवर होतं हो.